धावपट्टी बांधली, आता सेवेची हमी द्या

सेंट हेलेना बेटावरच्या नव्याकोऱ्या विमानतळाला २०१६ साली ब्रिटिश वृत्तपत्रांनी ‘जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ ठरवून टाकले. साडेअठ्ठावीस कोटी पौंड खर्चून धावपट्टी बांधून झाली होती, टर्मिनल तयार होते, २१ मे या बेटाच्या दिनी राजपुत्र एडवर्ड यांच्या उपस्थितीत उद्घाटनही व्हायचे होते. पण प्रवासी विमान उतरवण्याइतका वाऱ्याचा भरवसा नव्हता, आणि समारंभ बेमुदत पुढे ढकलावा लागला. बेटाची लोकसंख्या जेमतेम साडेचार हजार, म्हणजे खर्च माणशी साठ हजार पौंडांहून अधिक. हा भागाकार तेव्हा इतक्या वेळा छापला गेला, की दुसरा कोणता हिशेब मांडता येईल याचा विचारच मागे पडला.

दीड वर्षाने, १४ ऑक्टोबर २०१७ रोजी, दक्षिण आफ्रिकेच्या एअरलिंक कंपनीचे एम्ब्राएर १९० विमान जोहान्सबर्गहून येऊन त्याच धावपट्टीवर उतरले. बेटाच्या इतिहासातली ती पहिली नियमित प्रवासी विमानसेवा. ‘निरुपयोगी’ हा शिक्का त्या दिवशी पुसला गेला, पण खर्चाचा तो जुना हिशेब अजूनही लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. सेंट हेलेनाचा विमानतळ बांधायलाच हवा होता. चुकले ते एवढेच, की धावपट्टी पुरी झाली म्हणजे कर्तव्य पुरे झाले, असे बांधणारे धरून चालले.

मुळात हे बेट दूर का आहे? नकाशात पाहिले तर दक्षिण अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटरवर, १२२ चौरस किलोमीटरचा हा ज्वालामुखीचा खडक दिसतो. पण दोनशे वर्षांपूर्वी तो आडवाटेला नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने १६५९ पासून तिथे वसाहत केली ती याच कारणाने, की आशियातून केप ऑफ गुड होपला वळसा घालून परतणाऱ्या शिडाच्या जहाजांना गोडे पाणी, भाजीपाला आणि विसावा तिथे मिळे. मुंबई बंदरातून निघालेली कंपनीची जहाजेही याच वाटेने जात. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणांगणावर मराठी फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली १८०५ मध्ये मायदेशी परतताना सेंट हेलेनावर उतरला होता आणि तिथल्या ‘द ब्रायर्स’ या ठिकाणी राहिला होता. दहा वर्षांनी, वॉटर्लूनंतर, कैदी नेपोलियनने बेटावरचे पहिले काही आठवडे त्याच ठिकाणी काढले.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजे वाढली आणि केपची वाट ओस पडली. बेट होते तिथेच राहिले, मार्ग मात्र हलला. म्हणजे सेंट हेलेनाचे दूरपण भूगोलाने जितके घडवले, तितकेच वाहतुकीच्या निर्णयांनी घडवले. आणि जे निर्णयांनी घडते, ते निर्णयांनी बदलताही येते.

त्या दूरपणाचा फायदाही ब्रिटनने पुरेपूर उठवला आहे. निसटून जाणे अशक्य म्हणून १८१५ मध्ये नेपोलियनला इथे आणले, १८२१ मध्ये तो इथेच मरण पावला. १८९० मध्ये झुलू राजपुत्र दिनुझुलूला इथे हद्दपार केले. १९०० नंतर सुमारे सहा हजार बोअर युद्धकैदी इथे ठेवले. विसाव्या शतकात बेटाचा एकमेव उद्योग होता तो घायपातासारख्या पानांच्या न्यूझीलंड फ्लॅक्सचा. त्याच्या दोऱ्याने ब्रिटिश टपालाचे गठ्ठे बांधले जात. टपाल खात्याने कृत्रिम धाग्याकडे मोर्चा वळवला आणि १९६६ मध्ये बेटावरचा तो धंदा बसला. पुढे १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने बेटवासीयांचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्कच काढून घेतला, तो परत मिळायला २००२ उजाडले. हक्क मिळाल्यावर कामाच्या वयाची माणसे ब्रिटनकडे निघाली. १९९८ मध्ये पाच हजारांच्या घरात असलेली वस्ती २००८ च्या जनगणनेत सव्वाचार हजारांवर आली. कितीतरी मुले आजी-आजोबांपाशी वाढली. ‘साडेचार हजार माणसांसाठी एवढा खर्च कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी ही माणसे तिथे कशी आली, त्यांच्या पूर्वजांना आफ्रिका, मादागास्कर, भारत आणि चीनमधून कोणी आणले, हेही विचारले पाहिजे.

विमान येण्यापूर्वी बेटाचा जगाशी संबंध होता तो ‘आरएमएस सेंट हेलेना’ या एकाच जहाजाचा. १९९० मध्ये सेवेत आलेले हे जहाज केपटाऊनहून निघून पाचव्या-सहाव्या दिवशी बेटावरच्या जेम्सटाऊनला पोहोचे आणि साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा येई. औषधे, टपाल, पीठ, मोटारी, नातेवाईक, सगळे त्यातूनच यायचे. बेटवासीयांचे त्या जहाजावर प्रेम होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते शेवटचे निघाले तेव्हा धक्क्यावर गर्दी लोटली होती. पण प्रेम करावे असे जहाज आणि पुरेल अशी सेवा या निराळ्या गोष्टी आहेत. जेम्सटाऊनच्या रुग्णालयात न होणारी शस्त्रक्रिया म्हणजे दक्षिण आफ्रिकेची वारी. हृदयविकाराच्या किंवा अडलेल्या बाळंतपणाच्या रुग्णाला जहाजाच्या तारखेची वाट पाहणे परवडत नाही. म्हणूनच नियमित सेवा सुरू होण्याआधीच, २०१६ पासून, रुग्णांना हलवणारी विमाने या ‘निरुपयोगी’ धावपट्टीवर उतरू लागली होती. विमानतळाच्या जमाखर्चात ही पहिली नोंद असायला हवी होती.

बांधणीतल्या चुका मात्र झाकण्याचे कारण नाही. धावपट्टीसाठी प्रॉस्परस बे प्लेन हे माळरान निवडले गेले. लांबी पुरेना, म्हणून ड्राय गट नावाची सुमारे शंभर मीटर खोल घळ ऐंशी लाख घनमीटर दगडमातीने भरून काढावी लागली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे मोठे काम होते आणि ते पारही पडले. वाऱ्याकडे मात्र हवे तितके लक्ष गेले नाही. आग्नेयेकडून सतत वाहणारे व्यापारी वारे कड्यांवर आदळून वर उसळतात आणि काही मीटरांच्या अंतरात वाऱ्याची दिशा व वेग पालटतो. वैमानिक यालाच विंड शिअर म्हणतात. एप्रिल २०१६ मध्ये बोइंग ७३७-८०० विमानाच्या चाचणीत हे प्रकर्षाने जाणवले. बेटाच्या वाऱ्याची ही तऱ्हा नवी नव्हती. जुलै १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजातून आलेल्या चार्ल्स डार्विनने इथल्या एका कड्यावर उभे राहून हाच अनुभव घेतला होता. आपण उभे आहोत तिथे हवा निवांत, समोर काही यार्डांवर पक्षी जोरदार वाऱ्याशी झुंजताहेत, आणि कड्याच्या काठाशी जाऊन हात पुढे केला की त्या वाऱ्याचा पूर्ण जोर लागतो, असे त्याने नोंदवून ठेवले होते. ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने डिसेंबर २०१६ मध्ये संबंधित खात्याला याच ढिलाईबद्दल धारेवर धरले, ते योग्यच होते.

या कामाचे आणखी एक देणे होते. विमानतळाकडे जाणारा रस्ता रुपर्ट्स व्हॅलीतून जातो. १८४० ते १८७२ या काळात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या सुमारे पंचवीस हजार आफ्रिकी माणसांना या बेटावर उतरवले होते. त्यांतले हजारो उपासमारीने आणि रोगाने इथेच दगावले. रस्त्यासाठी २००८ मध्ये खोदकाम झाले तेव्हा त्यांतल्या तीनशेहून अधिक जणांचे अवशेष बाहेर निघाले. ते सन्मानाने पुन्हा दफन व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडावा लागला. विमाने उतरू लागल्यालाही तोवर जवळपास पाच वर्षे लोटली होती. प्रकल्पाचे वेळापत्रक कोणासाठी आखले जाते आणि कोण त्यात मावत नाही, हे यावरून दिसते.

सेवा सुरू झाल्यानंतरचे चित्र संमिश्र आहे. मोठ्या बोइंगऐवजी लहान एम्ब्राएर, त्यातही सगळ्या जागा भरायच्या नाहीत, वाटेत नामिबियात इंधनासाठी थांबा, आणि आठवड्याला मुख्यतः एकच फेरी. हवामान बिघडले की फेरी पुढे जाते आणि सारा बेत कोलमडतो. सुरुवातीला परतीच्या तिकिटासह भाडे सुमारे आठशे पौंड होते. ज्या बेटावर वर्षाची सर्वसाधारण कमाई दहा हजार पौंडांच्याही आत होती, तिथे हे भाडे कुटुंबाला झेपणारे नव्हते. सरकारी अंदाजांनी काही दशकांत वर्षाला सुमारे २९ हजार पर्यटक येतील असे चित्र रंगवले होते. नेपोलियनचे लाँगवूड हाऊस, साधारण १८३२ च्या सुमारास जन्मलेले जोनाथन हे कासव, जानेवारी ते मार्चमध्ये किनाऱ्याजवळ येणारे व्हेल शार्क, अशी आकर्षणे खरीच मोलाची आहेत. तरीही पर्यटकांचा आकडा त्या स्वप्नाच्या जवळपासही गेला नाही. आठवड्याला एक लहान विमान येणाऱ्या बेटावर तो जाणार तरी कसा?

मार्च २०२० मध्ये कोविडने ही सेवाही थांबवली. ती पुन्हा सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडला. मधल्या काळात ब्रिटिश सरकारने खास भाड्याने घेतलेली टायटन एअरवेजची विमाने लंडनहून आक्रामार्गे येत राहिली. लस, डॉक्टर, अडकलेली माणसे त्यांतून पोहोचली. पर्यटक जवळजवळ शून्य असताना, नफ्याचा प्रश्नच नसताना, धावपट्टीने आपली सर्वांत मोठी कामगिरी केली, ती याच दोन वर्षांत.

म्हणूनच या सेवेचे मोजमाप पर्यटकांच्या आकड्याने करणे थांबवले पाहिजे. डोंगरातल्या शेवटच्या वाडीला जाणारी मुक्कामाची एसटी किती तिकिटे फाडते यावर तिची गरज ठरत नाही. शाळकरी पोर, बाजारची पाटी आणि दवाखान्याला निघालेला म्हातारा यांच्यासाठी ती रोज ठरल्या वेळी सुटते, यातच तिचे मोल आहे. सेंट हेलेनाचे विमान हीच सेवा आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईचे विमान सुरू झाले तेव्हा कोकणात दिवाळीआधीच दिवाळी झाली होती. ‘उडान’ योजनेतला तीन वर्षांचा अनुदानाचा काळ संपला आणि २०२४ मध्ये ती सेवा खंडित झाली. कोकणाला निदान रेल्वे आहे, महामार्ग आहे. सेंट हेलेनाच्या माणसाला विमान रद्द झाले की पुढच्या विमानाची वाट पाहण्यावाचून मार्ग नाही, कारण प्रवासी जहाज आता उरलेले नाही. विमान आले म्हणून जहाज गेले, आणि त्याबरोबर ब्रिटनची जबाबदारी कमी होण्याऐवजी वाढली.

त्यामुळे विमान कंपनीशी होणाऱ्या पुढच्या प्रत्येक करारात काही गोष्टी असायलाच हव्यात. करार वर्षा-दोन वर्षांचा न करता निदान पाच वर्षांचा असावा, म्हणजे बेटावरचा खानावळवाला, गाईड, शेतकरी कर्ज काढण्याचे धाडस करील. प्रत्येक फेरीत काही जागा रहिवाशांसाठी राखून त्यांच्या भाड्याला कमाईशी सुसंगत मर्यादा घालावी, आणि फरक लंडनने सोसावा. रुग्ण व त्याच्या सोबत्याची जागा ऐनवेळीही मिळावी. लागोपाठ फेऱ्या रद्द झाल्या तर पर्यायी विमान किती दिवसांत येईल, हे आधीच लिहिलेले असावे. आणि दरवर्षीच्या अहवालात पर्यटकांच्या संख्येआधी किती रुग्ण वेळेवर पोहोचले, किती विद्यार्थी ये-जा करू शकले, किती कुटुंबे परतून आली, हे छापले जावे. ही कलमे मान्य करणे ब्रिटिश सरकारच्या हातात आहे, आणि ती मान्य होईपर्यंत बेटाच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी सहीसाठी घाई करू नये.