वंशावळींतील रिकाम्या जागा

यंदा इयत्ता नववीच्या इतिहासशिक्षकांनीं प्रत्येक विद्यार्थ्याकडून आपापल्या घराण्याची वंशावळ लिहवून घेतली, व पालकसंमेलनाच्या दिवशीं ते सर्व कागद सभागृहाच्या भिंतीवर लावण्यांत आले. कल्पना उत्तम होती, आणि मुलांनीं श्रमही पुष्कळ केले होते. एका विद्यार्थ्याचा कागद तर खिडकीच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत पोंचला होता. त्यांत एकाखालीं एक अशा तेरा पिढ्या होत्या, आणि त्याच्यापुढें पालकांची दाटी झाली हें सांगावयास नकोच. त्याच्या शेजारीं एक लहानसा कागद होता. त्यावर पांचच नांवें: आमची एक विद्यार्थिनी, तिचे वडील, आजोबा, पणजोबा व खापरपणजोबा. शेवटच्या नांवाच्या वर, जेथें इतरांनीं आपला मूळ पुरुष लिहिला होता तेथें, तिनें पेन्सिलीनें लिहिलें होतें, "१९०० चा दुष्काळ." एक सद्गृहस्थ तो कागद वाचून आपल्या सोबत्यास म्हणाले, "या घराला मूळच दिसत नाहीं." मुलगी जवळच उभी होती. संमेलन संपण्यापूर्वींच तिनें आपला कागद उतरवून घेतला.

त्या गृहस्थांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांच्या उद्गारांत जी समजूत दडलेली आहे ती आपल्यापैकीं बहुतेकांच्या मनांत वास करीत असते, आणि ती चुकीची आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम साधा हिशेब करूं. हा लेख वाचणारीं मुलें तो पाटीवर करून पाहतील तर बरें. प्रत्येक मनुष्यास आईबाप दोन. दोहोंकडील मिळून आजोबा-आज्या चार. त्यांच्या वर आठ, आणि त्यांच्याही वर सोळा. असें चढत स्वतःपासून तेराव्या पिढीस पोंचलों म्हणजे एकट्या त्या पिढींतच ४०९६ जागा होतात, आणि खालपासून वरपर्यंतच्या सर्व जागांची बेरीज ८१९१ भरते. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल आपल्याकडे जुनी असल्यामुळें एकच माणूस दोनदोन जागीं येतें, व प्रत्यक्ष माणसें याहून कमी असतात, हें खरें. तथापि ज्या लांब कागदाचें एवढें कौतुक झालें त्यावर ८१९१ पैकीं १३ जागा भरल्या होत्या, आणि लहान कागदावर ३१ पैकीं ५! प्रमाणानें पाहूं गेल्यास कोणता कागद अधिक रिकामा, याचा निर्णय गणिताच्या शिक्षकांनींच द्यावा.

एवढ्या मोठ्या वृक्षाची एकच फांदी आपण कां लिहितों? याचें कारण असें कीं, जुन्या वंशावळी कौतुकासाठीं लिहिल्याच गेल्या नव्हत्या. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, इनाम यांच्या वांटणीवरून भाऊबंदांत तंटा लागला म्हणजे वडील शाखा कोणती व धाकटी कोणती हें सिद्ध करण्यासाठीं त्या काढीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत असे कागद आहेत. पुढें १८५२ मध्यें इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली तेव्हां घरोघरीं पुनः तेंच काम निघालें. ज्यास हिस्सा नाहीं त्याचें नांव लिहिण्याचें प्रयोजन नाहीं, हा त्या कागदांचा न्याय. म्हणून मुलगी दुसऱ्या घरीं गेली कीं ती गळाली. जिनें पांच मुलगे वाढविले ती माता प्रारंभापासूनच गाळलेली. आणि ज्यास पुत्र नाहीं त्याच्या नांवाखालीं "निर्वंश" एवढा एक शब्द. कुलकर्ण्यांचें वतन १९५० च्या कायद्यानें व पाटलांचें १९६२ च्या कायद्यानें गेलें. २००५ च्या सुधारणेनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस जन्मतःच मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तरीही आमच्या भिंतीवरील बहुतेक कागदांत बहिणीस जागा नव्हती. कायदा बदलला, पण हाताचें वळण बदललें नाहीं.

येथें एक गोष्ट सहज नमूद करावीशी वाटते. त्या कागदांपैकीं ज्यांत मूळ पुरुषाचा पराक्रम लिहिला होता, त्या बहुतेकांत तो शिवछत्रपतींच्या सैन्यांत सरदार होता. घोड्यांस दाणा घालणारे, तोफा ओढणारे आणि भाकरी भाजणारे लोक निःसंतान गेले असावे!

आतां आमच्या शाळेंत जो ग्रंथ रोज वाचला जातो त्याकडे वळूं. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय मुलांस कंटाळवाणा वाटतो हें आम्ही जाणतों. ती नामावळी सुरू झाली कीं बांकांवर चुळबुळ सुरू होते. परंतु तीच नामावळी लक्ष देऊन वाचावी. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग करून लिहिणाऱ्या त्या लेखकानें राजांच्या रांगेंत, मरीयेपूर्वीं, चार स्त्रिया आणून बसविल्या आहेत. तामार, जिची कथा घरांतील वडीलमाणसें झांकून ठेवतील. यरीहोची राहाब, जिचा धंदा उच्चारावयास लाज वाटावी. रूथ, परदेशची निर्धन विधवा, जी दुसऱ्याच्या शेतांत सरवा वेंचून पोट भरी. आणि उरीयाची स्त्री, जिच्या उल्लेखांत दावीद राजाचें पाप आपोआप उघडें पडतें. वंशाची शोभा वाढविणें हाच हेतु असता तर हीं नांवें गाळणें सोपें होतें. याच्या उलट चित्र एज्राच्या पुस्तकांत आहे. बाबेलच्या बंदिवासांतून लोक परत आले, तेव्हां ज्या याजकांचीं नांवें वंशावळीच्या नोंदींत सांपडलीं नाहींत त्यांस याजकपणांतून वगळण्यांत आलें. वंशावळ ही माणसांस आंत घेण्यासाठीं लिहितां येते, तशी बाहेर ठेवण्यासाठींही.

आणि बाहेर ठेवण्याचें काम दोन्ही बाजूंनीं झालें आहे, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. एकाद्या मुलानें धर्म बदलला म्हणजे कित्येक घराण्यांच्या कागदांत त्याची रेषा तेथेंच तुटे. उलट आमचीं कित्येक ख्रिस्ती घराणींही आपला इतिहास पहिल्या बाप्तिस्म्यापासूनच मोजतात, जणूं त्यापूर्वीं कोणी जन्मलाच नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, व लक्ष्मीबाईंनीं १९०० मध्यें. मधल्या काळची ताटातूट, सासर-माहेरचीं माणसें, राग, लोभ, सोंवळें, सारें लक्ष्मीबाईंनीं "स्मृतिचित्रें" मध्यें लिहून ठेविलें. पूर्वींचें कांहीं पुसलें नाहीं व नंतरचें कांहीं लपविलें नाहीं. त्याच पुस्तकांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवि, अहमदनगरास टिळकांच्या घरीं मुलासारखे वावरतांना दिसतात. वंशावळीच्या कागदावर ठोंबऱ्यांस टिळकांच्या घरांत कोठें बसवावें? रक्ताच्या रेषेनें तें घर पुरें होत नाहीं.

१८९७ व १९०० या वर्षांच्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांत व गुजराथेंतून शेंकडों मुली केडगांवास आणल्या. इतर मिशनांनींही आपापल्या परीनें मुलें संभाळलीं. त्यांपैकीं अनेकांस स्वतःचा गांव सांगतां येत नव्हता. आज त्यांच्या संततीची पांचवी-सहावी पिढी शाळांतून शिकत आहे. या मुलांनीं आपल्या कागदावरील वरची जागा रिकामीच ठेवावी असें आम्ही आग्रहानें सांगतों. तेथें कल्पित सरदार आणून बसवूं नये, आणि ती जागा झांकूंही नये. मात्र शोध थांबवूं नये. घरांतील आजीस विचारावें व तिचे शब्द तारखेसह टिपून ठेवावे. आईच्या घराण्याचा कागद वेगळा करावा. शाळेचें जुनें रजिस्टर, मंडळीची बाप्तिस्मा-विवाह-दफन यांची नोंदवही, दफनभूमींतील दगड, आणि ज्यांच्या घरचे लोक पूर्वीं यात्रेस जात त्यांनीं नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या. त्या वह्यांत कधीं कधीं पूर्वजांच्या स्वतःच्या हातचें अक्षर भेटतें.

आमची ती विद्यार्थिनी दिवाळीच्या सुटींत वडिलांबरोबर एका जुन्या मंडळींत जाऊन आली. तेथील १९०१ सालच्या नोंदवहींत तिच्या खापरपणजोबांची नोंद मिळाली: वय अदमासें आठ, आईबापांचीं नांवें ठाऊक नाहींत. पुढें त्याच ओळींत बारीक अक्षरांत आणखी दोन शब्द होते: "बहीण बरोबर." ही बहीण पुढें कोठें गेली, कोणाच्या घरीं नांदली, याचा उल्लेख त्या वहींत नाहीं, व घरांतील कोणास तिच्याविषयीं आजवर कल्पनाही नव्हती. कागद आतां पुनः वर्गाच्या भिंतीवर लागला आहे. खापरपणजोबांच्या नांवाशेजारीं "बहीण" असें शाईनें लिहिलें असून तिच्याखालीं एक रेषा ओढली आहे, आणि त्या रेषेखालीं कागदाची जवळजवळ अर्धी जागा मोकळी सोडली आहे.