अत्र्यांचा विनोद

बलोपासनेचा संस्कार ज्या घरांत आहे, तेथे सूर्यनमस्काराची थट्टा सहन होणे अवघड. आचार्य प्र. के. अत्रे यांनी ती १९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ नाटकात केली. सर्व रोगांवर नमस्कार हाच उतारा मानणारा गृहस्थ त्यांनी रंगभूमीवर उभा केला आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटाची कथाही त्यांचीच, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. व्याख्यान ऐकून नट्यांची छायाचित्रे टाकून देणारा आणि व्यायामाला लागणारा औदुंबर एका तरुणीपुढे डळमळतो. यात ब्रह्मचर्याची विटंबना पाहणाऱ्यांनी औदुंबराकडे पुन्हा नीट पाहावे. हसे होते ते एका व्याख्यानात उसन्या घेतलेल्या व्रताचे. जे कार्यकर्ते घडवितात, त्यांना तर हा औदुंबर चांगलाच परिचयाचा असतो!

अत्रे मूळचे शिक्षक. संपादक म्हणून त्यांच्या लेखणीने अनेकदा मर्यादा सोडली, त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या याच विडंबनकाराने १९५३ साली ‘श्यामची आई’ दिग्दर्शित केला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले. सावरकरांच्या निधनानंतर १९६६ मध्ये ‘मराठा’त याच लेखणीने अश्रू ढाळले.

आज दूरचित्रवाणीवर पुरुषाला साडी नेसविली की विनोद झाला, असे मानले जाते. साडी अत्र्यांनीही नेसविली होती, ‘मोरूची मावशी’त. पण तेथे मावशीला लुगड्याआधी प्रसंग मिळाला होता.