चिमटा वाकविण्यापूर्वी

आपल्या मापाची सायकल खास बांधून घेण्याची हौस पुष्कळांना असते. फ्रेम घरी येते, रंगही मनासारखा असतो. परंतु पहिल्याच फेरीत ध्यानात येते की, वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो. मग 'चिमटा जरा पुढे वाकवून घ्या', असा सल्ला कोणी तरी देतोच. वाचकहो, तो सल्ला मानण्यापूर्वी क्षणभर थांबावे. उतारावर आपला, अथवा आपल्या मुलामुलींचा, जीव या चिमट्यावरच अवलंबून असतो.

हँडलचा दांडा ज्या नळीतून खाली चिमट्याला मिळतो, ती नळी मागे कललेली असते. तिची रेषा मनाने जमिनीपर्यंत वाढविली, तर चाक जेथे जमिनीला टेकते त्याच्या थोडी पुढे ती पोहोचते. या दोन बिंदूंमधील अंतरास कारागीर 'ट्रेल' म्हणतात. चाक त्या रेषेच्या मागून चालते, म्हणून आपण त्यास पिछाडी म्हणू. पिछाडी बेताची असली म्हणजे चालते चाक आपण होऊन सरळ होऊ पाहते. ती फार घटली की हँडल चंचल होते; फार वाढली की संथ चालीत ते जड लागते.

चिमट्याचा बाक केवळ गचके सोसण्यासाठी असतो, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः त्याचे मुख्य कार्य चाकाचा आस त्या रेषेच्या पुढे नेऊन पिछाडी कमी करणे हे होय. म्हणून चाक पुढे सरकविल्याने सायकल अधिक स्थिर होते, ही समजूत अगदी उलटी आहे. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९७० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने चिमटा उलटा फिरविला तेव्हा पिछाडी वाढली आणि सायकल विलक्षण स्थिर झाली. चाक सुमारे ४ इंच पुढे नेले, तेव्हा ती सांभाळणे कठीण झाले. मात्र पिछाडी हेच स्थैर्याचे एकमेव कारण नव्हे. भार कोठे आहे, यासही महत्त्व असते, हे २०११ साली डेल्फ्ट व कॉर्नेल येथील संशोधकांनी एक खास सायकल बनवून दाखविले.

आता एक हिशेब पाहू. चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर, नळीचा जमिनीशी कोन ७३ अंश आणि चाकाचा आस नळीच्या रेषेपुढे ४५ मिलिमीटर असल्यास पिछाडी सुमारे ५७ मिलिमीटर भरते. चवड्याला जागा मिळावी म्हणून आस आणखी २० मिलिमीटर पुढे नेला, तर ती ३६ वर येते! एक अडचण दूर होते, पण दुसरी ओढवते. नळीचा कोन मात्र ७२ अंश ठेवून आस ५१ मिलिमीटर पुढे घेतला, तर पिछाडी पूर्ववत ५७ राहते आणि चाकही पुढे जाते. तात्पर्य, ही दोन मापे जोडीने ठरवावी लागतात, आणि त्यांची खरी वेळ फ्रेम बांधण्यापूर्वीची असते.

फ्रेम तयारच असेल, तर आधी पिछाडी मोजावी. सायकल सपाट जमिनीवर सरळ उभी करून हँडल नीट ठेवावे. नळीच्या बाजूने तिच्या मध्यरेषेशी जुळवून लांब सरळ काठी धरून तिचे टोक टेकते तेथे खूण करावी. चाकाच्या आसापासून ओळंबा सोडून दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतर म्हणजे पिछाडी. मग योग्य मापाचा नवा चिमटा घेणे हाच बहुधा सुरक्षित उपाय ठरतो. त्याची लांबीही जुन्याइतकीच असावी. दोन्ही आसांत एक मीटर अंतर असेल, तर १८ मिलिमीटर लांब चिमट्याने नळीचा कोन सुमारे एक अंशाने बदलतो.

पोलादी चिमटा वाकविणे हे जाणत्या कारागिराचे काम आहे. ॲल्युमिनियमचा वा कार्बनचा चिमटा कधीही वाकवू नये. धडकेत वाकलेला चिमटा सरळ करून वापरण्यापेक्षा बदलणेच शहाणपणाचे. बदल झाल्यावर ब्रेक तपासावेत आणि पहिली फेरी मोकळ्या मैदानात, सावकाश घ्यावी. मुलांच्या हाती सायकल द्यावी ती त्यानंतरच.