पद्मिनी आणि रांगेतला ग्राहक

यंदा दिवाळीच्या पहाटे निर्वाणलाडू अर्पण करून घरी परतलो, तेव्हा माझा पुतण्या वाड्याच्या मागील पडवीत उभा होता. त्याच्यासमोर ताडपत्रीखाली झाकलेली आमची जुनी प्रीमियर पद्मिनी होती. तो म्हणाला, "काकाजी, हिला आता भंगारात देऊन टाकू. जागा अडते, आणि तेवढ्या जागेत दुकानाचे गोदाम होईल." थोडे थांबून त्याने मनातले खरे शल्य बोलून दाखविले. "तसा गोदामात ठेवायला माल तरी कुठे लागतो आहे? ज्यांच्या तीन पिढ्या आपल्याकडून कापड घेत होत्या, ते लोक आता मंगरूळपीरला आणि वाशिमला जातात. ग्राहकाला इमान म्हणून राहिलेले नाही."

त्याच्या दोन्ही वाक्यांचा परस्परांशी संबंध आहे, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात आले नसावे. मला मात्र त्या गाडीकडे पाहताना तो संबंध लख्ख दिसला. म्हणून या महिन्याचे पान त्या गाडीच्या वंशावळीसाठी योजिले आहे.

आपल्या समाजाला या गाडीविषयी आपुलकी वाटण्याचे एक कारण तिच्या जन्मातच आहे. तिच्या कारखान्याचे संस्थापक वालचंद हिराचंद दोशी हे सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यातले. जन्म 1882 चा. घरची पेढी आणि कापसाचा व्यापार असताना या तरुणाने ती सुरक्षित गादी सोडून रेल्वेची कंत्राटे घेतली. बोरघाटातील बोगद्यांची कामे, 1919 सालची सिंदिया जहाज कंपनी, 1940 साली बंगळूरला उभारलेला विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमची गोदी हा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. मोटारीच्या कारखान्याचे स्वप्नही त्यांनी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासह तिसाव्या दशकापासून जोपासले होते. त्यासाठी ते 1939 साली अमेरिकेला गेले. परक्या सरकारला असा कारखाना नको होता, तरीही 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत कुर्ला येथे डॉज, प्लिमथ अशा मोठ्या अमेरिकी गाड्या 1947 पासून जोडल्या जाऊ लागल्या.

त्या गाड्या संस्थानिकांच्या आणि बड्या पेढीवाल्यांच्या होत्या. मध्यम कुटुंबाला परवडेल अशी लहान गाडी हवी, हे ओळखून कंपनीने इटलीच्या फियाट कंपनीशी हातमिळवणी केली. प्रथम इवलीशी फियाट 500 आली. नंतर 1954 च्या सुमारास 'मिलेचेंतो', म्हणजे इटालियन भाषेत 'अकराशे', ही गाडी आली. तिचे पुढचे दरवाजे आजच्या उलट, मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले होते. शेठ वालचंद 1953 च्या एप्रिलमध्ये निवर्तले. ज्या लहान गाडीने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघर पोहोचविले, तिचे वैभव त्यांना पाहता आले नाही.

याच सुमारास सरकारने ठरविले की केवळ सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना येथे स्थान नाही. ज्यांना भाग येथेच घडवायचे असतील त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी आपले येथील काम गुंडाळले. मोटारगाड्यांच्या बाजारात मुख्यतः तीन घरे उरली : कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. देशी कारागिरी वाढावी हा या धोरणाचा हेतू चांगला होता, आणि तो पुष्कळ अंशी सफलही झाला. त्याची दुसरी बाजू हळूहळू उघड झाली.

पहिल्या पिढीनंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावे आली. साठच्या दशकाच्या मध्यावर '1100 डिलाइट' आली. तिचे दरवाजे आता पुढून बिजागरलेले होते, इंजिन 1089 सीसीचे होते, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली होती, आणि त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघे सहज बसत. आपल्या मनात 'फियाट' म्हणून जी आकृती आहे, ती हीच. 1964 च्या अशाच एका फियाटची कथा सर्वांनी ऐकली असेल. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी कुटुंबासाठी बारा हजारांची ही गाडी घेतली, तेव्हा हाताशी सात हजारच होते. उरलेले पाच हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. ताश्कंदला त्यांचे निधन झाल्यावर ते कर्ज ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. देणे म्हणजे देणे, ही शिकवण ज्या घरांत अजून टिकून आहे, त्यांनी ही कथा मुलांना अवश्य सांगावी.

फियाटशी झालेल्या कराराची मुदत संपल्यावर 1972 साली त्याच गाडीचे नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाले आणि 1974 साली 'प्रीमियर पद्मिनी'. चितोडच्या राणीचे नाव लाभले, पण अंगावरचे वस्त्र जवळजवळ तेच राहिले. येथे एक तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. इटलीत फियाटने 1100 ही मालिका 1969 सालीच बंद करून तिच्या जागी नवी 128 आणली होती. तिकडे जी गाडी निवृत्त झाली, ती आपल्याकडे आणखी तीन दशके नवी म्हणून विकली जात होती.

असे का झाले? उत्तर एका शब्दात सांगायचे तर, रांग. किती गाड्या काढायच्या यावर परवान्याचे बंधन होते. कोणाला केव्हा विकायच्या यासाठी 1959 पासून सरकारी आदेश होता. 1969 साली तर विक्रीची किंमतही सरकारने ठरवून दिली आणि कारखानदारांना सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. तेव्हा सगळा दोष कंपनीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. किमतीवर बंधन असेल तर नव्या साच्यांसाठी भांडवल कोठून आणावे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु बंधनाबरोबर एक गुंगीही येते. दारात वर्षानुवर्षे रांग असेल, तर आपला माल उत्तम आहे म्हणूनच ती आहे, असे दुकानदाराला वाटू लागते.

त्या रांगेत आमचे बाबूजीही होते. त्यांनी 1975 साली नोंदणी केली आणि गाडी दारात आली 1981 साली. आसेगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशिम जिल्हा झाला तो 1998 साली. गाडी आली त्या दिवशी आईने तिला कुंकवाचे बोट लावले, आणि पहिली फेरी शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाची झाली. पुढे बाबूजी, काकाजी आणि मांडीवर मी धरलेला धाकटा. मागे आई, काकू, आजी आणि दोन बहिणी. डिकीत शिदोरीचे डबे आणि पाण्याची कळशी. ती कळशी केवळ आमच्यासाठी नसे. वैशाखात आमच्याकडच्या उन्हात गाडी घाटावर आली की धापा टाकी. मग बाबूजी बॉनेट उघडून, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओले फडके गुंडाळीत आणि आम्ही बाभळीच्या सावलीत बसून राहत असू. कारंजाला जाताना, खामगावच्या लग्नाला जाताना, अकोल्याहून दिवाळीचे कापड आणताना हाच विधी. आम्हाला तो त्रास वाटत नसे, कारण दुसरी गाडी कशी असते हे आम्ही पाहिलेच नव्हते.

ते पाहायला मिळाले लवकरच. 14 डिसेंबर 1983 रोजी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते हरपाल सिंग या ग्राहकाला पहिल्या मारुती 800 ची किल्ली देण्यात आली. किंमत सत्तेचाळीस हजार पाचशे. इंजिन 796 सीसीचे, आकार लहान, वजन हलके, पेट्रोल कमी, आणि थंडीतही किल्ली फिरविली की सुरू. पाठीमागे जपानच्या सुझुकी कंपनीचे तंत्र होते. ज्यांनी कित्येक वर्षे पद्मिनीसाठी वाट पाहिली होती, तेच लोक निमूटपणे मारुतीच्या नोंदणीला गेले. कोणी भांडले नाही, कोणी तक्रार केली नाही. रांगेतला माणूस असाच जातो.

प्रीमियरने काहीच केले नाही असे नव्हे. 1985 साली निसानचे इंजिन बसविलेली '118 एनई' आली. पद्मिनीला डिझेल इंजिनही देण्यात आले. 1993 साली मोटारनिर्मितीवरचा परवाना उठला, तेव्हा कल्याणजवळ फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर 309 ही गाडी काढली आणि फियाटबरोबर 'उनो' आणली. पण सवय एकदा जडली की हात जलद चालत नाहीत, आणि कामगार, भांडवल, भागीदार यांचा मेळ बसेपर्यंत दिवस मावळतो. 1998 च्या आसपास सँट्रो, मातीझ आणि टाटांची इंडिका बाजारात उतरल्या. 2000 च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती उरली होती. तेथे टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. ताडदेवच्या कार्यालयात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. त्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी कायमची गेली. अनेकांचे डोळे तेव्हा पाणावले. त्यांतले बहुतेक जण दुसऱ्याच गाडीत बसलेले होते.

या कथेला एक जोडकथा आहे, आणि व्यापाऱ्याने ती विसरू नये. मारुती 800 चे राज्यही अखेर संपले. जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. परंतु तिला मागे सारणारी गाडी दुसऱ्या कोणाची नव्हती. मारुतीनेच 2000 साली 'अल्टो' आणली आणि काही वर्षांतच ती 800 च्या पुढे गेली. आपली गाडी सर्वाधिक खपत असतानाच तिचा स्पर्धक आपल्याच घरात वाढविणे, याला मोठे धैर्य लागते. शेठ वालचंदांनी ऐन तारुण्यात पेढीची गादी सोडून रेल्वेच्या बोगद्यात उतरण्याचे जे धैर्य दाखविले, ते याच जातीचे होते. त्यांच्या कारखान्याला पुढे ते पुन्हा सापडले नाही, एवढेच.

हे सारे मी पुतण्याला पडवीतच सांगितले. तो ऐकत होता, शेवटी म्हणाला, "म्हणजे काकाजी, आपले दुकान पद्मिनी झाले?" मी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. भाऊबीजेनंतर आम्ही दोघे आसपासच्या चार खेड्यांत गेलो. ज्यांची नावे जुन्या वहीत आहेत पण नव्या वहीत नाहीत, अशा घरी जाऊन बसलो. उधारी मागायला आलो नाही हे पटवून द्यायलाच थोडा वेळ लागला. एका घरी म्हातारीने चहा ठेवला आणि स्पष्टच सांगितले, "शेठजी, कापड तं तुमचं चांगलंच असते. पन दुसरं दाखवा म्हटलं तं तुमी 'हेच घ्या' म्हनता."

परतीच्या वाटेवर पुतण्या बराच वेळ गप्प होता. मीही होतो, कारण 'हेच घ्या' म्हणणारा दुकानातला तो आवाज त्याचा नव्हता, माझा होता. वर्षानुवर्षे तीच धोतरे, तीच लुगडी, तेच दोन रंगांचे गणवेशाचे कापड मी गल्ल्यावर बसून विकत आलो. तेव्हा आसेगावातून बाहेर जायला दिवसाकाठी मोजक्या गाड्या होत्या. लोक माझ्याकडे येत, आणि मी त्याला इमान समजत होतो. आता प्रत्येक घरी मोटरसायकल आहे.

पडवीतली जागा मोकळी करायची की नाही, हे अजून ठरलेले नाही. गाडीचे मोडीत किती येतील हे पुतण्याने विचारून ठेवले आहे, आणि तिच्या टायरांत हवाही त्यानेच भरली आहे. दुकानाचे मात्र ठरले. पौषात जुना माल काढून टाकायचा, तयार कपड्यांचा नवा विभाग उघडायचा आणि खरेदीला अकोल्याला जायचे ते त्याने. मी सोबत जाईन, पण माल निवडताना बोलणार नाही.