रतनगडावरची सोनकी

आपल्या या पानावर मकबरे झाले, बागा झाल्या. ‘पोरांना डोंगरावर कुठं न्यावं?’ असं दोन-तीन भगिनींनी विचारलं होतं, म्हणून या वेळी रतनगड.

सोनईच्या माणसाला डोंगर म्हटलं की नगरजवळचा चांदबीबीचा महाल आठवतो. खरं तर तो सलाबतखानाचा मकबरा, पण तोंडातलं नाव काही सुटत नाही. बाकी आपल्याकडं सपाट रान, ऊस, कांदा आणि मुळेचा कालवा. ही मुळा आणि तिकडची प्रवरा, दोन्ही अकोले तालुक्यातल्या डोंगरांतून येतात. प्रवरेचा उगम तर रतनगडावरच. जिल्हा एकच, पण तिथला पाऊस आपल्या कित्येक पट. ढग सह्याद्रीला थडकून तिथंच रिकामे होतात, आपल्या वाट्याला उरलंसुरलं.

सप्टेंबरअखेर घरातले अकरा जण निघालो. अम्मींचा, म्हणजे सासूबाईंचा, विरोध होता. “पोरींना शिड्यांवर कशाला चढवता? पाय घसरला तर?” प्रश्न खोटा नव्हता. म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवल्या : पाऊस असेल तर धरण बघून परतायचं, आणि रतनवाडीतला वाटाड्या घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

पहाटे निघून राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर असं करत भंडारदऱ्याला पोचलो. 1926 साली पुरं झालेलं ते धरण काठोकाठ होतं. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर बाहेरून पाहिलं आणि जंगलात शिरलो. प्रवरा तिथं ओढ्याएवढी आहे. चपला हातात घेऊन पोरांनी ती ओलांडली, तेव्हा प्रवरासंगमचं तिचं पात्र पाहिलेल्या माझ्या दिरांना हसू आवरेना.

खरी कसोटी गणेश दरवाजाखालच्या लोखंडी शिड्यांची. आम्ही बायकांनी बुरखे गाडीतच ठेवले होते. लांब कुर्ता-सलवार, पिन लावलेली ओढणी आणि पकड असलेले बूट. घोळदार कपडा शिडीवर पायात येतो, तिथं भिडेखातर गप्प बसू नये. थोरल्या जाऊबाई गुडघ्यामुळं खालीच थांबल्या. आठवीतली भाची चार पायऱ्या चढली आणि गोठली. हात सुटेनात, बोलवेना. वाटाड्या तिच्या खालच्या पायरीवर उभा राहिला, एकेक पाय धरून त्यानं तिला उतरवलं. तिचा भाऊ हसला तसे माझे नंदावे त्याच्यावर असे कडाडले, की माकडंही पांगली. मग ते स्वतः लेकीजवळ थांबले. पहिल्यांदाच गडावर निघालेला माणूस, वर न जाता डबा उघडून बसला.

वर सोनकी होती. पिवळीधमक, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, मधूनमधून तेरड्याचा गुलाबी पट्टा. कातळावर मातीचा थर बोटभर. तो वाळायच्या आत सोनकीला उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हावं लागतं. कारवीची झुडपं दिसली, फूल नाही. ती सात वर्षांनी एकदाच फुलते. माथा सुमारे 1,300 मीटरवर. तिथल्या नेढ्यात, म्हणजे खडकाला पडलेल्या आरपार भोकात, वारा इतका की ओढण्या दातांत धराव्या लागल्या. समोर अलंग-मदन-कुलंग, दुसऱ्या अंगाला कळसूबाई.

हा अभयारण्याचा भाग आहे, फूल तोडायची मनाई. म्हणून भाचीसाठी फक्त फोटो आणले. तिनं ते बघितले आणि विचारलं, “मामी, शिडीला पायऱ्या किती आहेत?” मी मोजल्या नव्हत्या. ती वाटाड्याकडं विचारायला गेली.

जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा, शिड्यांवर रांग लागते. पाणी माणशी दोन लिटर घ्या. ऑक्टोबर उलटला की सोनकी वाळते.