नदीला जागा हवी हे खरं, पण ती शेतकऱ्याने फुकट का द्यायची?

शिरोळ : पावसाळा तोंडावर आला की कृष्णा-पंचगंगा काठच्या गावांत दोनच विषय असतात. अलमट्टीत पाणी किती, आणि यंदा जनावरं हलवायची कुठं. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी येतं. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर इथल्या माणसाने सोसले. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे.

तेव्हापासून एक मागणी जोर धरतेय. नदीचा पट्टा मोकळा ठेवा. बांधकाम नको, भराव नको, काठाची माती उचलायची नाही. मागणी बरोबर आहे. पण त्या पट्ट्यात ज्याचं रान आहे, त्याचं काय, हा प्रश्न कुणी नीट मांडत नाही.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

पंचवीस वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो, ती निळी रेषा. शंभर वर्षांत एकदा येणारा पूर जिथपर्यंत जातो, ती लाल रेषा. इथं बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. एकदा पूर येऊन गेला म्हणजे पुढची पंचवीस वर्षं निवांत, असं नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात चार असते. लागोपाठच्या वर्षीही येऊ शकतं. २०१९ नंतर दोनच वर्षांत २०२१ चा पूर आला, हे सगळ्यांनी पाहिलंय.

निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी घालून परवानगी मिळते. जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर उंच हवं, ही त्यातली मुख्य अट. गोम इथंच आहे. जोतं उचलायचं म्हणून लोक भराव टाकतात. ज्याने टाकला त्याचं घर वाचतं, पाणी मात्र शेजारच्या रानात आणि वस्तीत जातं.

भरावाचा साधा हिशेब

एक एकर जागेत पाच फूट भराव टाकला, तर सुमारे २,१७८ ब्रास माती किंवा मुरूम लागतो. म्हणजे तेवढ्या ठिकाणी मावणारं ६१ लाख लिटरहून जास्त पाणी दुसरीकडे ढकललं गेलं. दहा हजार लिटरचे सहाशेवर टँकर झाले. हा फक्त एका एकराचा हिशेब आहे. नदीला आडवा जाणारा उंच रस्ता तर बांधासारखंच काम करतो. मोऱ्या कमी असल्या की मागच्या गावांत फुग येते, आणि पूर ओसरायला चार दिवस जास्त लागतात. उसाचा शेंडा पाण्याखाली राहिला की सुरळी कुजते, त्यामुळे ते चार दिवसच पीक ठेवायचं की घालवायचं हे ठरवतात. म्हणून नवीन रस्ता भरावाऐवजी पिलरवर करा, ही शेतकऱ्यांची मागणी नुसता हट्ट नाही.

पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं जातं. धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला विरोध आहे, आणि त्यावर लक्ष ठेवायलाच हवं. पण २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलं होतं. अलमट्टी कर्नाटकात आहे, भराव मात्र आपल्याच तालुक्यात पडतोय.

काठ मोडला की रान जातं

काठावरची पोयट्याची माती वीटभट्टीला चांगली. भट्टीवर मजुरांचं पोट चालतं, माती विकणाऱ्याला रोख पैसा मिळतो. पण वरचा थर गेलेलं रान पुन्हा तयार व्हायला पिढ्या जातात. करंज, उंबर, वाळुंज, बांबू यांची मुळं काठ धरून ठेवतात. झाडं तोडली, माती उचलली की पुढच्या पुरात काठ ढासळतो. त्यात शेजाऱ्याच्या सऱ्या जातात, आणि त्याला मातीचा एक रुपयाही मिळालेला नसतो.

मग अडचण कुठं आहे?

अडचण पैशाची आहे. निळ्या रेषेत रान सापडलं की ते बिगरशेती होत नाही, भाव पडतो, पोराला घर बांधायला जागा राहत नाही. पट्टा मोकळा राहिल्याचा फायदा मात्र सांगली, मिरजेसारख्या शहरांना, बाजारपेठांना आणि रस्त्यांना होतो.

आणि नुकसान झाल्यावर मिळतं काय? आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्राचे निकष बघा. बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे एकरी ६,९०० च्या आसपास. एकरी ४० टन ऊस आणि टनाला ३,००० रुपये धरले, तर बुडालेलं पीक १ लाख २० हजारांचं. नदीने जमीनच कापून नेली, तर अल्प आणि अत्यल्प भूधारकाला हेक्टरी ४७,००० रुपये. गुंठ्याला पडतात ४७५ रुपये. एवढ्यात आज गुंठाभर जमीन कुठं मिळते?

नियम करून पाळले नाहीत तर काय होतं, हेही राज्याने पाहिलंय. नदीकाठापासून उद्योग किती लांब हवेत, हे ठरवणारं नदी नियमन क्षेत्र धोरण २००० मध्ये आलं आणि २०१५ मध्ये रद्द झालं.

दुसरीकडे काय केलं?

नेदरलँडमध्ये १९९५ च्या पुराच्या भीतीने अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. पुढे तिथल्या सरकारने तटबंदी उंच करत बसण्यापेक्षा तीसहून जास्त ठिकाणी नदीला जागा करून दिली. खर्च दोन अब्ज युरोच्या वर गेला. ओव्हरडीप नावाच्या भागात काही शेतकऱ्यांची घरं आणि गोठे उंच टेकाडांवर नव्याने बांधले, बाकीचे मोबदला घेऊन दुसरीकडे गेले. तो देश श्रीमंत आहे, आपली परिस्थिती वेगळी. पण जागा घ्यायची तर किंमत मोजायची, हे तत्त्व इथंही लागू पडतं.

कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या मदतीने मोठा प्रकल्प मंजूर आहे. सगळा पैसा बोगदे आणि काँक्रीटवर न घालवता, पट्टा मोकळा ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दर वर्षी एकरी ठराविक रक्कम दिली तर? काठावर बांबू लावायला रोजगार हमीची जोड दिली तर? आणि पुरात जाणाऱ्या घरांना आधी उंचावर गावठाण दिलं तर?

शेतकऱ्यालाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. पट्टा राखायचे पैसे घ्यायचे आणि रात्री ट्रॉलीने माती विकायची, हे दोन्ही चालणार नाही.

तोवर गावाने एवढं करावं. जलसंपदा विभागाकडून आपल्या गावाचा पूररेषेचा नकाशा मागून घ्यावा. कोणते गट कोणत्या रेषेत येतात, ते ग्रामसभेत वाचून दाखवावं. नवीन भराव, मोऱ्या आणि मोबदला यांवर ठराव करून ठेवावा. पूर आल्यावर पंचनामा होतो, पण तोवर रान पाण्याखाली गेलेलं असतं.