मिलच्या राखेचा सौदा कोण करणार?

भंडारा जिल्हा धानाचा. तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोलीकडे धान भरडणाऱ्या मिलांची कमतरता नाही. मात्र मिलच्या मागच्या बाजूला गेल्यास राखेचे ढिगारे दिसतात. वारा सुटला की ती शेजारच्या घरांत शिरते, पाऊस पडला की नाल्यात जाते. मिलवाल्यांच्या लेखी ती कटकट आहे. आमच्या लेखी तो न विकलेला माल आहे.

कापडाच्या धंद्यात आम्ही फेकणे शिकलो नाही. कातरणीच्या चिंध्या गोधडीला जातात. मोहाडी-आंधळगावकडचा कोसा पाहा. पाखरू बाहेर पडून भोक पडलेल्या कोशाचा अखंड धागा निघत नाही, तरी त्याचा घिचा काततात आणि त्या जाड्याभरड्या कापडालाही गिऱ्हाईक मिळते. मग धानाच्या मिलवाल्यानेच एवढे उदार का व्हावे?

आता हिशोब पाहू. 1 क्विंटल धानातून साधारण 20 किलो तूस निघते. ते बॉयलरमध्ये किंवा भट्टीत जाळले की 4 किलोच्या आसपास राख उरते. या राखेत बहुतांश सिलिका आणि थोडे पालाश असते. धानाचे पीक जमिनीतून सिलिका भरपूर उचलते. तिने काडी ताठ होते, पीक लवकर लोळत नाही, करपा आणि खोडकिडा यांना तोंड देण्याची ताकद वाढते. म्हणजे शेतातून निघालेली वस्तू शेतालाच हवी आहे. तिकडे शेतकरी पालाशाची पोती विकत घेतो, आणि तो पालाश जवळजवळ सगळा परदेशातून येतो.

ही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. कोकणात डॉ. नारायण सावंत यांनी भातशेतीची चारसूत्री पद्धत घालून दिली. तिचे पहिलेच सूत्र पिकाचे अवशेष पिकाला परत देण्याचे आहे : तुसाची राख रोपवाटिकेत, पेंढा शेतात. आपल्याकडे ज्याला पऱ्हे म्हणतात, त्याच्या वाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळसर राख मातीत मिसळायची. 1 एकर रोवणीला सुमारे 400 चौरस मीटर पऱ्हे लागतात. अर्ध्या किलोच्या मापाने 2 क्विंटल राख झाली, म्हणजे 50 क्विंटल धानाच्या तुसाची. एका एकराला एवढी राख लागत असेल, तर तिला कचरा कोण म्हणेल? हा तर टंचाईचा माल!

परदेशातही हेच चालले आहे. स्पेन, इटली, ट्युनिशियात जैतूनचे तेल काढल्यावर चोथा आणि काळे पाणी उरते. ते ताजे आणि बेहिसाब टाकले तर झाडांना आणि जमिनीला अपाय होतो, नदीत सोडले तर पाणी नासते. म्हणून स्पेनमध्ये ओला चोथा शेणखत आणि पाल्याबरोबर कुजवून बागेत परत देतात. इटलीने 1996 च्या कायद्याने शेतात सोडायच्या पाण्याचे मापच बांधून दिले : जुन्या दाबघाण्याचे असेल तर वर्षाला हेक्टरी 50 घनमीटर, नव्या यंत्राचे असेल तर 80. घाणीलाही माप लावले की तिचे खत होते, एवढे त्यांनी ओळखले.

राखेलाही माप आणि पारख हवीच. कमी आचेवर जळलेली काळसर राख कामाची. फार तीव्र आचेत जळून पांढरी पडलेल्या राखेतील सिलिका पिकाला सहज लागू पडत नाही आणि तिची धूळ हमालाच्या फुप्फुसाला घातक असते. राख कोणतीही असो, पाणी शिंपडूनच भरावी. न जाळलेले तूस तसेच बांधीत टाकू नये, कुजताना ते जमिनीतले नत्र ओढून घेते. राखेत नत्र उरत नाही, तेव्हा राख टाकली म्हणून युरिया बंद, असे सांगणारा दलाल खोटा समजावा.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. सरकारी धानाच्या भरडाईत अरवा तांदळाचे माप क्विंटलमागे 67 किलो. कोंडा, कणी, तूस मिलकडेच राहते. कोंडा तेलाला जातो, कणी विकली जाते, तूस वीटभट्टीला जाते. या सगळ्याचा पैसा मिलच्या गल्ल्यात पडतो. निदान उरलेली राख तरी शेतकऱ्याकडे रास्त भावात पोहोचावी, की ज्याचा माल त्यालाच दुप्पट दराने विकावा? भाव ठरवायची वेळ आली की मिलवाल्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

यात आपल्या व्यापारी बांधवांना काम आहे. बारदान्याचा धंदा करणारे, ट्रक चालवणारे, वीटभट्टीवाले असे अनेक जण याच पानाचे वाचक आहेत. धान उतरवून ट्रक गावाकडे रिकामा परततो, त्या फेरीत राख जाऊ शकते. जुना बारदाना चालतो. भांडवल थोडे लागते. आधी दोन-चार मिलांची राख रंगाने निवडावी, साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात विचारपूस करावी आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडे निम्म्या पऱ्ह्यांत राख टाकून, निम्मे तसेच ठेवून पाहावे. पऱ्हे जूनमध्ये पडतात. सौदा करायचा तर पोती मे महिन्यातच धुऱ्यावर पोहोचली पाहिजेत.